बारा स्लाइड आणि एक तेरवी

सोसायटीच्या फलकावर ‘रविवार, दुपारी चार, हॉल : हरकरे परिवार, तेरवी’ असा कागद लागला, तेव्हा विश्वनाथराव हरकरे स्वतः त्या फलकासमोर उभे राहून केळं खात होते. त्यांनी कागद दोनदा वाचला, अक्षर बरं आहे असं मनाशी म्हटलं आणि साल कचऱ्याच्या डब्यात टाकून ते वर निघून गेले. माणसाचा स्वतःवर विश्वास असावा तो असा. पण तेरवीपर्यंत आपण क्रमाने जाऊ. आधी डबा.

हा डबा स्टीलचा, पाच किलोचा, घट्ट झाकणाचा. तळाला ओल शोषून घ्यायला वाटीभर तांदूळ आणि त्या तांदळावर मलमलीत गुंडाळलेल्या बारा स्लाइड. स्लाइड म्हणजे लोकांना आठवतात त्या टिकलीएवढ्या नव्हेत. या चांगल्या सहा सेंटिमीटर लांब आणि तेवढ्याच रुंद, तळहात भरेल अशा. लग्नाला आठवडा झाला असताना विश्वनाथराव बायकोला घेऊन चिखलदऱ्याला गेले होते. तेव्हा ऑफिसातल्या एका हौशी साहेबांनी आपला दोन भिंगांचा, वरून खाली वाकून बघायचा कॅमेरा त्यांना चार दिवस दिला होता आणि सोबत एक रोल. एका रोलमध्ये बारा फोटो. तेरावा मागूनही मिळत नाही.

“कागदावरचा फोटो म्हणजे उजेड आपटून परत आलेला,” विश्वनाथराव सांगत. “स्लाइडमधून उजेड आरपार येतो. उसाचा रस पिणं आणि उसाच्या रसाची पाटी वाचणं, एवढा फरक आहे.”

वाक्य चांगलं होतं आणि चाळीस वर्षं ते टिकलं होतं. अडचण एवढीच, की तो रस कोणाच्या घशाखाली उतरला नव्हता. घरी पाहुणा आला, की विश्वनाथराव त्याला खिडकीपाशी नेत, एक स्लाइड दोन बोटांनी कडेला धरून आकाशाकडे करत आणि पाहुण्याने नीट बघायला हात पुढे केला, की ओरडत, “बोट नाही!” मग पाहुण्याला दिसे तो मुख्यतः विश्वनाथरावांचा अंगठा आणि त्यामागे समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी. “छान आहे,” पाहुणा म्हणे आणि चहाकडे वळे.

त्यातही दाखवायच्या स्लाइड अकराच. बारावी वाया गेलेली. पंचबोल पॉइंटवर विश्वनाथरावांनी अर्धा तास खपून दरी, ढग आणि कडेला नवी नवरी असं सगळं जुळवून आणलं, खटका दाबला आणि नेमका त्या क्षणी वारा सुटून लतिकाबाईंचा पदर कॅमेऱ्यासमोर उडाला. अर्धी दरी पदराने खाल्ली. “बारातला एक तुझ्या पदराने घालवला,” हे वाक्य दर वर्षी लग्नाच्या वाढदिवसाला, गोड खाऊन झाल्यावर, ते म्हणत. लतिकाबाई ते एकोणचाळीस वेळा ऐकून घेत आल्या होत्या.

यंदा चाळिसावा. आणि त्यांची मुलगी अदिती, जी नागपूरच्या मिहानमध्ये एका कंपनीत आहे, जेवताना सहज म्हणाली, “बाबा, मी त्या स्लाइड स्कॅन करून आणते. सगळ्यांच्या मोबाइलवर जातील. आजवर कोणी बघितल्याच नाहीत त्या.”

विश्वनाथरावांचा घास तसाच राहिला. मोबाइलचं त्यांना एवढं वाईट वाटलं नाही, ‘कोणी बघितल्याच नाहीत’ हे मात्र लागलं, कारण ते खरं होतं. “वाढदिवसालाच, चौदा डिसेंबरला,” ते म्हणाले, “हॉलमध्ये, भिंतीवर, भिंतीएवढ्या दाखवतो. सगळ्या सोसायटीला. नाही दाखवल्या, तर त्याच संध्याकाळी डबा तुझा. कर स्कॅन, नाही तर त्यात पोहे भर.”

आता पैज लागली म्हटल्यावर हुडकेश्वरच्या त्या चार मजली इमारतीत सल्ल्याला काय तोटा? सगळ्यांत मोठे सल्लागार वरच्या मजल्यावरचे शालिकराम पराते. मूळ उमरेडच्या विणकरांच्या घरातले, स्वतः मात्र एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये जन्म काढून निवृत्त झालेले. विश्वनाथरावांनी एका जुन्या सहकाऱ्याकडून साधा स्लाइड प्रोजेक्टर आणला आणि त्याच्या खाचेत ही थोरली स्लाइड जाईना, तेव्हा परात्यांनी खाली वाकून पाहिलं आणि म्हणाले, “एवढं टेन्शन काहून घेऊन राहिले, हरकरेजी? चारी बाजूनं कैचीनं छाटून टाका ना.”

यानंतर विश्वनाथराव त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी बोलणं भाग पडलं, कारण परात्यांकडे एक भिंग होतं. पितळेचं, घडी होणारं, उघडून कापडावर उभं केलं की इंचभर चौकोनातले धागे मोजता येतील असं. परात्यांचे वडील त्यातून आपलं विणकाम तपासत. पराते त्यातून गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख वाचत. स्लाइड बघायला याहून चांगली वस्तू नागपुरात नव्हती.

“मांगू नका जी,” पराते म्हणाले. “बापाची एवढीच वस्तू राहिली घरात. मी कोनाच्या हाती देत नाही.”

“एवढीच? अहो, तुमच्या वडिलांनी आयुष्यभर साड्या विणल्या म्हणता.”

“विणकराच्या घरी चांगलं लुगडं राहते काय? मागावरून उतरलं का बाजारात. माझ्या मायनं जलमभर जाडंभरडं नेसलं. माग गेले जळणात. बापाच्या हातचा चिंधीएवढा तुकडा नाही मायापाशी.” त्यांनी भिंगाची घडी घातली. “याच्यातून मी बापाचं काम पाहत होतो. आता एक्स्पायरी डेट पाहून राहिलो.”

विश्वनाथरावांना राग यायला हवा होता, पण आला नाही. ‘हात लावू नका’ म्हणणारा आपल्यासारखा माणूस त्यांना पहिल्यांदाच भेटला होता. त्यांनी भिंगाचा नाद सोडला आणि मोर्चा तळमजल्यावर वळवला.

तळमजल्यावर डॉक्टर उन्मेष यांचा हाडांचा दवाखाना. एक्स-रे आता कॉम्प्युटरवर येत असल्याने ते अडकवून बघायची उजेडाची पेटी कपाटामागे धूळ खात पडली होती. “न्या ना काका,” डॉक्टर म्हणाले. विश्वनाथरावांनी ती पुसून पोटाशी धरली आणि जिना चढू लागले. दुसऱ्या मजल्यावर सिंधूताई भेटल्या. सिंधूताई म्हणजे सोसायटीचा वाहता नळ.

“अगं बाई, भाऊजी! एक्स-रेची पेटी? कोनासाठी वं माय?”

विश्वनाथरावांना धाप लागली होती. “माझ्याच… आहेत,” ते म्हणाले. “बारा आहेत. घरीच बघतो… निवांत.”

बारा! संध्याकाळपर्यंत एक पपई, दोन शहाळी आणि मौद्याजवळच्या एका हाडवैद्याचा पत्ता घरी पोचला. तिसऱ्या मजल्यावरच्या मिनलने येऊन लतिकाबाईंचा हात हातात घेतला आणि काही न बोलता पाच मिनिटं बसून गेली. विश्वनाथरावांना वाटलं, चाळिसाव्या वाढदिवसाची कुणकुण लागलेली दिसते. त्यांनी पपई चवीने खाल्ली.

पेटीवर स्लाइड ठेवून ते खाली वाकले. चाळीस वर्षांपूर्वीचा डिसेंबरचा उजेड त्या काचेतून वर आला. गवताचं पातं न् पातं वेगळं दिसत होतं. त्यांनी लतिकाबाईंना हाक मारली, त्याही वाकल्या, आणि दोघांची डोकी एकमेकांवर आपटली. पेटीवर एका वेळी एकच डोकं मावतं, हा तिचा दोष. पैज तर भिंतीची होती. विश्वनाथरावांनी पेटी कॉटखाली सारली आणि प्रोजेक्टर स्वतःच बनवायला घेतला.

कळमन्याहून आलेली संत्र्यांची एक लाकडी पेटी, मांडववाल्याकडून आणलेला हॅलोजन दिवा आणि सीताबर्डीवर मिळालेलं बशीएवढं भिंग. मागे दिवा, मध्ये स्लाइड, पुढे भिंग. “झालं,” विश्वनाथराव म्हणाले. “परदेशी कंपन्या यालाच डोक्यावर घेऊन नाचतात.”

“एकदा लावून तर बघा,” लतिकाबाई म्हणाल्या.

“ज्याला शंका आहे त्याने लावून बघावं.”

राहिला हॉल. सेक्रेटरी अंकुशने छापील अर्ज पुढे केला. कार्यक्रमाचं स्वरूप : लग्न, बारसं, तेरवी, सभा, इतर. विश्वनाथरावांनी ‘इतर’वर पेन टेकवलं.

“थांबा काका,” अंकुश म्हणाला. “‘इतर’ले कमिटीची मंजुरी लागते. कमिटी आता मार्चमध्ये बसन.”

“मग सभा.”

“सात दिवस आधी नोटीस. आज गुरुवार.”

“बारसं?”

अंकुशने त्यांच्याकडे आणि मग त्यांच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं. “तेरवी लिवा काका. तेरवीले त्याच दिवशी परवानगी असते. मानूस काही नोटीस देऊन जात नाही.”

विश्वनाथरावांनी सदतीस वर्षं सरकारी फायलींत काढली होती. नियम मोडणं त्यांना मान्य नव्हतं, पण नियम वाकून वाट देत असेल तर त्याला नमस्कार करून पुढे जावं, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी ‘तेरवी’वर बरोबरची खूण केली. अंकुशने प्रामाणिकपणे तेच कागदावर लिहून फलकावर लावलं.

रविवारी चार वाजता हॉल भरला. एवढी गर्दी विश्वनाथरावांनीही धरली नव्हती. सगळे हळू बोलत होते. बरेच जण पांढऱ्या कपड्यांत होते. विश्वनाथराव दारात मोतिया रंगाचा झब्बा घालून उभे. एक गृहस्थ त्यांचा हात धरून म्हणाले, “वाईट झालं.”

“त्यात वाईट काय?” विश्वनाथराव प्रसन्नपणे म्हणाले. “चाळीस वर्षं झाली. आता सवय झाली.”

गृहस्थ मागे सरकले. चाळीस वर्षांनी तेरवी घालणारं घराणं त्यांच्या पाहण्यात नव्हतं. मागच्या रांगेत पंगत किती वाजता, अशी चौकशी चालू होती. लतिकाबाई संत्रा बर्फीचं ताट घेऊन आल्या तेव्हा लोकांनी एकेक तुकडा मान खाली घालून घेतला.

खिडक्यांवर घोंगड्या पडल्या. विश्वनाथरावांनी उजेडावर चार शब्द सांगितले, उसाच्या रसाचा दाखला दिला आणि हॅलोजन लावला. भिंतीवर चिखलदरा प्रकटला. दरी वर होती आणि आकाश खाली.

“एक मिनिट,” विश्वनाथराव म्हणाले. पण शेजारी भले होते. त्यांनी मुकाट्याने माना वाकड्या केल्या. एकाने तर कमरेत वाकून पायांमधून पाहण्याचा प्रयत्न केला. तेवढ्यात दरी धूसर झाली, फुगली आणि तपकिरी पडायला लागली. हॉलमध्ये संत्र्याचा गोड वास पसरला, मग जळक्या लाकडाचा, मग धूर. विश्वनाथरावांनी उघड्या बोटांनी स्लाइड ओढून काढली. त्याच क्षणी फट्ट असा आवाज झाला आणि हॉलचा फ्यूज उडाला.

मिट्ट काळोखात सिंधूताईंचा आवाज आला, “आत्मा शांत नाही झाला वं.”

घोंगड्या काढल्या तेव्हा विश्वनाथराव संत्र्यांच्या पेटीजवळ उभे होते. बोटं भाजली होती, झब्ब्यावर काजळी होती. स्लाइडची पुठ्ठ्याची चौकट करपली होती, चित्र तेवढं वाचलं होतं. लोक उठायला लागले. अदिती पुढे आली. तिने डब्याला हात घातला नाही, त्यांच्या बोटांवर पाणी ओतलं, आणि तेच त्यांना जास्त लागलं. ती चिडवत असती तर बरं झालं असतं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या मनात आलं, की आपण मरू आणि या बारा स्लाइड कोणी बघितलेल्याच नसतील. त्यांना फार एकटं वाटलं. “डबा घेऊन जा,” ते म्हणाले.

“जरा थांबा ना जी!” शालिकराम पराते पुढे झाले होते. “ते एक्स-रेवालं डबडं आणा खाली. जिन्यातला प्लग चालू हाये. मी आलोच.”

पराते वर गेले आणि खाली आले तेव्हा त्यांच्या मुठीत पितळेचं भिंग होतं. “पाहीन मी पयले,” ते म्हणाले. “आन भिंग माझ्याच हातात राहीन.”

जिन्याच्या वळणावर स्टुलावर एक्स-रेची पेटी लागली. मागे पायऱ्यांवर पांढऱ्या कपड्यांतली रांग उभी राहिली, एकेक जण हात जोडूनच पुढे येत होता. परात्यांनी पहिली स्लाइड पाहिली आणि “हं” म्हणाले. मग बाजूला सरून दुसऱ्याच्या डोळ्यांपुढे भिंग धरलं. अंकुश वाकला आणि ओरडला, “काका! यातल्या काकूच्या कानातलं दिसून राहिलं! वरचा खडासुद्धा!” मग रांगेत ढकलाढकली सुरू झाली. तेरवी कोणाची, हे विचारायचं लोक विसरले. मिनलने एकच स्लाइड तीनदा पाहिली. विश्वनाथरावांच्या पाठीचा कणा हळूहळू सरळ झाला. “उजेड आरपार येतो,” ते प्रत्येकाला सांगत होते, “आणि बोट नाही!”

अकरा झाल्या. विश्वनाथराव मलमल गुंडाळायला लागले.

“बारावी राहिली,” लतिकाबाई म्हणाल्या.

“ती वाया गेलेली.”

“लावा. आज तीही लावा. बारा म्हणाला होतात सगळ्यांना.”

त्यांनी नाइलाजाने ती काचेवर ठेवली. अर्ध्या चौकटीत दरी, अर्ध्या चौकटीत उडता पदर, नेमका फोकसमध्ये आलेला, धागा न् धागा लख्ख. परात्यांनी भिंग टेकवलं आणि वाकले. “हं” आलं नाही. मागची रांग थांबली. एक मिनिट झालं, दोन झाली.

“ही करवतकाठी हाये,” पराते वाकलेलेच होते. “टसर रेशमाची. वहिनी, कुठून घेतली होती?”

“आईने घेतली होती लग्नात. इतवारीतून.”

“काठात करवतीचे दात हायेत. पदर सुरू होते तिथं दातांच्या आत एक हिरवा धागा हाये. एकच. दोन बोटं लांब.” त्यांनी भिंग केसभर सरकवलं. “माझा बाप टाकत होता तो. हरेक लुगड्यात. एवढं नीट काम झालं त नजर लागते म्हणे, एक खोट ठेवाव. दुकानदार लय बोंबलत होता, खोट काहून टाकता म्हणून. बाप आयकतच नव्हता. दुसरं कोनी टाकत नव्हतं जी. हा माझ्या बापाचा हात हाये.”

परात्यांनी मान वर केली.

“ती साडी, वहिनी…?”

लतिकाबाईंनी तोंडाला पदर लावला. “विरली होती भाऊजी. भांडेवालीला दिली. त्या साडीवर हाच डबा आला. स्टीलचा.” त्यांनी डब्याकडे पाहिलं आणि त्यांना रडू फुटलं. “मला काय माहीत हो!”

परात्यांनी ‘राहू द्या’ असं मानेने सांगितलं. मग त्यांनी भिंग बाजूला केलं आणि विणकराच्या घरातला माणूस कापड ओळखून झाल्यावर करतो तेच केलं. उजव्या हाताचं पहिलं बोट पुढे नेलं, काठ चाचपायला.

सगळी रांग विश्वनाथरावांकडे बघायला लागली. अदितीने डोळे मिटून घेतले. ते बोट स्लाइडपासून नखभर अंतरावर आलं आणि परात्यांना एकाएकी भान आलं. बोट हवेत थांबलं.

“लावा,” विश्वनाथराव म्हणाले.

“डाग पडन जी.”

“पडू द्या. लावा बोट.”

बोट टेकलं. उजेडात त्या पदरावर परात्यांच्या बोटाचा ठसा स्पष्ट उमटला. विश्वनाथरावांनी ती स्लाइड उचलली, मलमलीत न गुंडाळता तशीच परात्यांच्या खिशात घातली आणि वरून खिसा थोपटला. एक्स-रेची पेटीही तिच्यासोबत वर गेली, कारण उजेडाशिवाय स्लाइड म्हणजे नुसता काळा चौकोन.

“बाबा, डबा तुमचाच,” अदिती म्हणाली. तिने डोळे पुसले होते.

पराते दोन पायऱ्या चढून थांबले. “एक विचारू काय, हरकरेजी? एवढा पदर नेमका कॅमेऱ्यापुढं कसा काय धरला? लय कारागिरीचं काम हाये हे.”

विश्वनाथरावांनी काजळलेला झब्बा झटकला. छाती पुढे काढली.

“मीच सांगितलं होतं हिला,” ते म्हणाले. “पदर सोड म्हटलं. दरी काय, रोजचीच आहे.”

लतिकाबाईंनी त्यांच्याकडे चांगलं बघून घेतलं. मग डोळे कोरडे करत परात्यांना म्हणाल्या, “हो भाऊजी. चाळीस वर्षांत दर वर्षी मला याची आठवण करून देतात.”